तिसरा काटा आणि मामंजींचं खाकरणं

अगं ये, अशी लांब काय उभी? इकडं जवळ सरक. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. मघापासून बघतेय, तोंडानं "हो आजी, हो आजी" चाललंय आणि अंगठा भलतीकडंच पळतोय. तुला वाटतं म्हातारीला कळत नाही. बाई गं, माणसाचं अंग बोलण्यात आहे का नुसतंच बसलंय, हे ओळखायची मी नोकरी केलीय. आता बसलीस? हां. मांडी घालून बस, पळायच्या तयारीत नको.

एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं ती. आमचं गाव श्रीरामपूरपासून एसटीनं पाऊण तास. मी सातवी शिकलेली, लग्न होऊन आल्यावर शिलाई मशीन चालवायचे. ब्लाऊज, झबली, गोधड्यांची कापडं, जे येईल ते. एके दिवशी पुण्याची एक मुलगी दारात उभी. वैदेही तिचं नाव. कॉलेजात मोठ्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिनं पिशवीतून चार डब्या काढल्या, काडेपेटीएवढ्या, प्रत्येकीला मागं शेपटासारखी वायर. म्हणाली, "ताई, या डब्या बायकांच्या अंगावर बसतील असे पट्टे शिवून द्याल?"

मी म्हटलं, "कशासाठी? दृष्ट लागू नये म्हणून?"

ती हसली आणि मला समजावून सांगायला लागली. तिनं लई इंग्रजी घालून सांगितलं, मी तुला माझ्या पद्धतीनं सांगते. दोन बायका गोधडी झटकतात ना, एक या टोकाला, एक त्या टोकाला? कोणी एक-दोन-तीन म्हणत नाही. तरी दोघींचे हात बरोबर वर जातात, बरोबर खाली येतात. नाही गेले तर गोधडी एकीच्या तोंडावर बसते. तर वैदेहीचं म्हणणं असं, की चार माणसं मनापासून बोलत बसली की त्यांच्यात अशी एक न दिसणारी गोधडी असते. एक पुढं वाकली की दुसरी वाकते, एकीनं मान हलवली की दुसरीची हलते. बोलणाऱ्यांना पत्ता नसतो. पण अंगाला बांधलेल्या डबीला कळतं. डबीतली हालचाल वायरीतून पेटीत जायची. पेटीत कागदाची गुंडाळी हळूहळू फिरायची आणि तिच्यावर चार काटे शाईनं चार रेघा काढत राहायचे. रेघा जोडीनं हलल्या तर माणसं जुळली. आपापल्या हलल्या तर प्रत्येकीचं चित्त वेगळं. बोललेलं एक अक्षर टिपायचं नाही, फक्त अंगाची हालचाल. म्हणून तर बायका तयार झाल्या. "सासूबद्दल बोललो तर कळंल का पेटीला?" एवढंच विचारून घेतलं त्यांनी.

पहिले पट्टे कंबरेचे शिवले. ते फसले. बसलं की वर चढायचे, उठलं की घसरायचे, आणि बायका एकमेकींना विचारायच्या, "काय गं, आपरेशन कधी झालं?" मग मी डोकं चालवलं. मांजरपाटाच्या बंड्या शिवल्या, पुढून हूक, आणि पाठीवर मानेच्या खाली बरोबर डबीच्या मापाचा खिसा. डबी हलत नाही आणि बाई अवघडत नाही. वैदेहीनं बंडी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "इंदूताई, तुम्ही माझ्याबरोबर कामच करा." झालं. बंडी घालायची, कोण कुठं बसली ते मांडायचं, आणि वहीत वेळेसकट लिहायचं, काय काय घडलं. कोणी उठली, चहा आला, पोर रडलं, कुत्रं शिरलं. माझं अक्षर बरं नव्हतं, पण मी कुत्र्याचा रंगसुद्धा लिहायचे.

चार वर्षं फिरलो आम्ही त्या पेटीबरोबर. लोकांना ती दवाखान्याची वाटायची. कोपरगावकडच्या एका गावात एक आजोबा सदरा काढूनच रांगेत बसले. "छातीत कळ येती, बघा जरा." वैदेही सांगून थकली. शेवटी मी त्यांना बंडी घातली, पाच मिनिटं गप्पा मारल्या, आणि रेघ दाखवून म्हटलं, "आजोबा, बोलत राहा, बोलताना तब्येत झकास हाय." खूश होऊन गेले. जाताना मात्र डॉक्टरला दाखवा म्हणून बजावलं हो मी, तेवढी अक्कल होती.

घोडेगावच्या बाजारात बैलांचे दोन व्यापारी बसवले होते. दोघं तासभर भांडले, आई-बाप काढले, आणि रेघा बघाव्या तर सख्ख्या भावांसारख्या जोडीनं चाललेल्या. त्यातला एक म्हणाला, "बाई, हे गिऱ्हाइकांना दाखवू नका. लोक म्हनतील आमी मिळून बनवतो." आणि एका पुढाऱ्याच्या बैठकीत त्याच्या चार कार्यकर्त्यांना बंड्या घातल्या, तर चारही रेघा सरळ, पट्टीनं मारल्यासारख्या. वैदेही घाबरली, म्हणाली यंत्र बिघडलं. मी दारातून डोकावून आले आणि म्हटलं, "यंत्र ठीक हाय, माणसं झोपलीत." श्रीरामपुरात चर्चच्या बायकांच्या मंडळात बसलो, तर त्या बोलता बोलता गाणंच म्हणायला लागल्या. चारी काटे असे झुलले की बघत राहावं. वैदेही म्हणे, गाणं हिशेबात धरायचं नाही, गाण्यात अंग हलणारच. मला वाईट वाटलं. एवढी सुंदर रेघ आणि म्हणे धरायची नाही.

पण मला सांगायचंय ते आमच्याच गावातलं. हसत हसत सांगेन, पण त्यात माझी चूक आहे, ती मी झाकणार नाही.

वैदेहीला एकच गट पुन्हा पुन्हा बसवायचा होता. म्हणून आमच्या महिला मंडळाच्या चौघी दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायच्या. ओट्यावर चौघी, वायरी खिडकीतून आत, आत पेटी आणि पेटीवर डोळे लावून वैदेही. मी खिडकीशी, वही मांडीवर. चौघी कोण? एक काशीकाकी, मंडळाची अध्यक्ष, आवाज असा की एसटी थांबावी. दुसरी तिची सून सुमन. तिसरी यमुना. चौथी तारा, शेजारची. यमुना गावची लेक. सासरी नांदवलं नाही म्हणून वर्षभरापूर्वी माहेरी परत आलेली. दहावी पास. आणि गोष्टी सांगायची अशी, की ताराबाईच्या डोळ्यांतून हसून पाणी यायचं. परत आलेल्या लेकीला गाव काय म्हणतं ते तुला मी काय सांगू. पण माझ्या ओट्यावर ती मोकळी असायची.

त्याच दिवसांत गावात बालवाडी सुरू व्हायची होती. बालवाडीची बाई म्हणून मंडळानं एक नाव द्यायचं होतं. नावं दोन. काकीची सून सुमन, आणि यमुना. सुमनला शेत होतं, घर होतं, नवरा होता. यमुनाला ती जागा म्हणजे भावाच्या घरात मान वर करून जेवायची सोय होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

आणि पेटीत काय दिसत होतं? दर बैठकीला पाच-सहा वेळा काटे एकदम उडायचे. पहिला, दुसरा, चौथा, एका क्षणी, एका मापानं. वैदेही टाळ्या वाजवायची. "इंदूताई, बघा! एवढी जुळणी मी पुस्तकातसुद्धा बघितली नाही!" फक्त तिसरा काटा त्या क्षणी जागचा हलायचा नाही. यमुनाचा. वैदेही वहीत लिहायची, तीन नंबर गटाबरोबर नाही. नाव लिहायची नाही, नंबरच. मलाही बजावलं होतं, यातलं बाहेर काही बोलायचं नाही, कोणाचा नंबर कोणता ते तर मुळीच नाही.

आणि मी बोलले. पिठाच्या गिरणीत, दळण होईपर्यंत, चार बायकांत. मोठेपणा मिरवायला गं, दुसरं काय! "आमच्या पेटीत सगळं दिसतं. तिघी कशा एका दमात हलतात, आन यमुनाचा काटा मात्र ढिम्म." दळण डब्यात पडायच्या आत ते वाक्य काकीच्या घरी पोचलं होतं.

मंडळाची बैठक झाली तेव्हा काकी उभी राहिली. "मला कुनाचं वाईट न्हाई बोलायचं. पन पुन्याच्या मशीननं सांगितलंय, यमुनाचं कुनाशी जमत न्हाई. मोठ्यांशी जमंना, ती पोरांशी काय जमवनार?"

मशीनपुढं कोण बोलणार? निकाल पुढच्या सोमवारवर ठेवला, पण तोंडं बघून कळत होतं सुमनचंच नाव जाणार. यमुना सरळ माझ्याकडं आली. रडली नाही. शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या पेटीचं मी काय वाईट केलं होतं?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. म्हटलं, "पेटीनं न्हाई गं, माझ्या जिभेनं केलं." पण त्यानं काय होतंय? पेटीत रेघ तर तशीच होती. आणि मला ते पटत नव्हतं. दर बैठकीला मी खिडकीतून बघत होते, सगळ्यात जास्त हशा यमुनाच्या बोलण्यावर. मग काटा ढिम्म कसा?

दोन दिवस मी त्या गुंडाळ्या जमिनीवर पसरून बघत बसले. शिवण बघावी तशा. जुळलेली जागा आली की बोट ठेवायचे, वहीत वेळ बघायचे. वहीत काहीच नाही. ना चहा, ना पोर, ना कुत्रं. काही न घडता तिघी एकदम हलतात, आणि तेही बहुतेक दूध घालून माणसं डेअरीकडून परतायच्या वेळेला.

तेवढ्यात दारात मामंजी खाकरले. मामंजी म्हणजे माझे सासरे, भावकीतले सगळ्यात वडील. घरात शिरायच्या आधी खाकरायचे, म्हणजे सुनांना कळावं. नेहमीसारखे खाकरले आणि आत आले. आणि मी बघते तर माझा उजवा हात डोक्याशी. पदर ओढून डोक्यावर आलेला. बोट अजून डाव्या हाताचं रेघेवर.

मी एकदा हाताकडं बघितलं, एकदा रेघेकडं. मामंजी म्हणाले, "काय झालं सूनबाई? कापड चुकलं का?"

"कापड न्हाई मामंजी," मी म्हटलं, "आमची अक्कल चुकली."

आलं का ध्यानात? ओट्यावर चौघी गप्पा मारत बसायच्या. पदर खांद्यावर घसरलेले. रस्त्यानं मामंजी, नाहीतर दुसरं कोणी मोठं माणूस खाकरत जायचं, की तिघींचे हात एका क्षणी वर. काकीचा, सुमनचा, ताराचा. खांदा उचलला की पाठीवरची डबी उडणार, काटा उडणार. आणि यमुना? यमुना तर गावची लेक! माहेरात लेक कशाला पदर घेईल? ती आपली गोष्ट सांगत बसलेली. तिच्या काट्यानं का उडावं?

आणि वहीत मी हे का लिहिलं नाही? वैदेहीनं हेच विचारलं, कपाळावर हात मारून. "ताई, कुत्र्याचा रंग लिहिलात आणि हे नाही लिहिलं?"

मी म्हटलं, "बाई, कुत्रं येणं ही घडलेली गोष्ट. पदर घेणं हे काय घडणं असतं का? श्वास घेतला ते कोण लिहितं? मी स्वतः खिडकीशी बसून तेव्हा पदर घेतच होते."

तिच्या किती दिवसांच्या मेहनतीवर मी पाणी ओतलं होतं. पण वैदेही हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मी जुळणी समजत होते आणि तुमचे सासरे दूध घालून येत होते!" मुलगी गुणाची. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "सोमवारी मंडळापुढं हे सांगायचं. माझी परीक्षा नंतर, यमुनाचं झालेलं नुकसान आधी."

नुसतं सांगून काकी ऐकणारी नव्हे. म्हणून सोमवारी पेटी ओट्यावरच आणली, सगळ्यांना काटे दिसतील अशी. चौघींना बंड्या. मी म्हटलं, "कुनी बोलायचं न्हाई. एक शब्द न्हाई. गप बसा." काटे शांत झाले. मामंजींना आधीच सांगून ठेवलं होतं, कोपऱ्यावरून या आणि रोजच्यासारखे खाकरा. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा खाकरायचं काम मिळालेलं. धुतलेला फेटा बांधून आले, आणि असे खाकरले, असे खाकरले, की समोरच्या घरातल्या दोन सुनांनीसुद्धा पदर घेतला.

काटे उडाले. पहिला, दुसरा, चौथा. तिसरा जागेवर.

"बघा," मी म्हटलं, "कुनी अक्षर बोललं न्हाई, तरी पेटी म्हनती तुमची किती जुळली!"

बायकांत जो हशा उठला! ताराबाई तर लोळायची बाकी. यमुना तेवढी हसली नाही. हळूच म्हणाली, "माज्या डोक्यावर पदर न्हाई, म्हनून मी तुमच्यातली न्हाई व्हय?"

हशा थांबला. पण काकी ती काकीच. "बरं, पदराचं कळलं. म्हनून हिचं जमतं असं कुठं ठरलं? ते दाखीव की."

आता इथं माझी शिलाई कामाला आली. मी जुनी गुंडाळी पसरली आणि टाचण्यांची डबी घेतली. जिथं जिथं खाकरण्याची उडी होती, तिथं तिथं कागदाला चुणी घातली आणि टाचणी मारली. परकराला घालतो तशी चुणी. उडी चुणीच्या पोटात. अशा चुण्या घालत गेले आणि पदराचे सगळे तुकडे आत गडप झाले. वर राहिलं ते फक्त बोलणं, मोठ्या उड्यांपुढं आधी डोळ्यांत न भरलेली बारीक हालचाल. वैदेही गुडघ्यावर बसली आणि रेघांवरून बोट फिरवायला लागली. आधी तिसरा काटा हलायचा. मग क्षणभरानं बाकीचे त्याच्यामागं. पुन्हा तिसरा, पुन्हा बाकीचे. यमुना पुढं वाकली की ओटा पुढं वाकत होता, आणि ती मागं रेलली की सगळ्या रेलत होत्या.

वैदेही म्हणाली, "आणि तीन नंबरच्या सगळ्यात जवळून कोण चालतंय माहितीये? एक नंबर."

सगळ्यांनी एक नंबरच्या बंडीकडं बघितलं. बंडी काकीच्या अंगात होती.

काकीनं पेटीकडं बघितलं, यमुनाकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं. सुमन पदराआडून म्हणाली, "आत्याबाई, तुमी घरी बी तिच्याच गोष्टी सांगता की."

"मग सांगती ना," काकी खेकसली. "ती पोरगी गोष्टच तशी सांगती, त्याला मी काय करू? माझं अंग माझं ऐकंना त्याला मी काय करू?" आणि थोडं थांबून, "माझ्यासारखी म्हातारी हलती, तर पोरं काय बसून ऱ्हातील? लिहा यमुनाचं नाव. पन मशीननं सांगितलं म्हनून न्हाई, मी सांगती म्हनून."

तसंच लिहिलं.

वैदेहीला तिचं पहिलं सगळं लिखाण टाकून पुन्हा बसावं लागलं. या वेळी बैठक यमुनाच्या परसात, जिथं रस्ता नाही. परीक्षा उशिरा झाली, पण झाली. जाताना ती एक गुंडाळी मला देऊन गेली, चुण्यांची. पुढं असं ऐकलं की आता वायरी लागत नाहीत, मनगटातल्या घड्याळातच सगळं असतं. असू दे. पण घड्याळाला सांगायला कोणीतरी पाहिजे, की बाबा, हात वर का गेला.

मला एकाच गोष्टीची टोचणी आहे. गिरणीतलं माझं ते वाक्य. चुण्या घालून मी कागद सरळ केला, पण यमुना त्या आठवड्यात भावाच्या घरी कशी जेवली असेल, त्याला चुणी घालता येत नाही. मी तिला एकदा तसं म्हटलं. ती म्हणाली, "वहिनी, तुमी बोलला म्हनून तर काकीचा काटा कळला." मन मोठं तिचं. बालवाडीत तिनं ज्यांना बडबडगीतं शिकवली, त्यांची लेकरं पुढं तिच्यापुढं येऊन बसली. आता ती घरीच असते, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर.

मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत सांगायचे लोकांना, "पुन्याच्या कालेजात माझं खाकरनं शिकवत्यात." दारात ते खाकरणं येत नाही, तरी तिन्हीसांजेला कधी कधी माझा हात वर जातो. डबी नसते अंगावर, म्हणून बरं.

काय गं, पुढं वाकलीस ना? मघाशी मीही वाकले होते. मोबाईल वाजला तोही तू बघितला नाहीस, मी बघितला. पण हे जवळ बसणं कागदावरचं, तू तिकडं वाचतेयस आणि मी इकडं; तर असं नुसतं छापलेलं वाचून नको, खरीच ये एकदा. यमुना आहे, ताराबाई आहे, काकी नव्वदीला टेकलीय तरी आवाज तोच. गुंडाळी ट्रंकेत आहे, टाचण्या गंजल्यात, आपण दोघी मिळून एकेक चुणी उलगडून बघू. लवकर ये, गंज कागद खायला लागलाय. आणि ओट्याशी आलीस की खाकरत उभी राहू नकोस बाई, सरळ आत ये.